डाव्या पायाला सुट्टी

ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला म्हातारपण येतं ते आधी डाव्या गुडघ्यात. दुरुस्त केलेला प्रत्येक ट्रॅक्टर चालवून बघायचा, आणि चालवून बघायचा म्हणजे क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. कुंभार पिंपळगावात माझं गॅरेज होतं. 'होतं' म्हणायला अजून जीभ वळत नाही, कारण गॅरेज तिथंच आहे. फक्त आता माझा पुतण्या ते चालवतो, आणि मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि त्याला नको असलेले सल्ले देतो. उठताना डावा गुडघा कट्ट वाजतो. पुतण्या म्हणतो, "चाचा, बेअरिंग गेलं." मी म्हणतो, "बेअरिंग शाबूत हाय, ग्रीस संपलं."

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, रज्जाकभाई, आयुष्यभराचा अनुभव लिहा. आयुष्यभराचा लिहिला तर निम्मा अंक काळ्या ऑइलनं माखायचा. शिवाय आमच्या घरातली बोली उर्दू, शाळा मराठी, आणि धंद्याची भाषा या दोन्हींत डिझेल ओतल्यावर जी होते ती. तेव्हा सगळं सांगत बसत नाही. क्लच नसलेला एक ट्रॅक्टर आमच्या भागात आला, त्याची हकीकत सांगतो. ती आठवली की अजूनही मी एक मोठा श्वास सोडतो आणि घरात बायको विचारते, "फिर वो संत्री-मोसंबी का ट्रॅक्टर याद आया क्या?"

पण आधी ज्यांनी ट्रॅक्टर नुसता रस्त्यात आडवा आलेला पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो.

इंजिन आपल्या चालीनं फिरत असतं. चाकाला मात्र कधी ताकद हवी असते, कधी वेग. नांगराला ताकद लागते, रिकाम्या ट्रॉलीला वेग. म्हणून दोघांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक पेटी बसवलेली असते, तिला गिअरबॉक्स म्हणायचं. लहान चक्रानं मोठं फिरवलं की वेग कमी होतो, ताकद वाढते. पण फिरती चक्रं बदलायची तर आधी इंजिनाला बाजूला व्हायला सांगावं लागतं. ते सांगण्याचं काम क्लच करतो आणि तो डाव्या पायाखाली असतो. डावा पाय धड असेल तरच ट्रॅक्टर तुमचा, हा आमच्याकडचा साधा हिशेब.

गिअरचा ट्रॅक्टर मला जन्मभर आवडला, कारण तो आपलं दुखणं आवाजात सांगतो. बारीक शीळ ऐकू आली तर बेअरिंग. दात-ओठ खाल्ल्यासारखा खरखरला तर क्लच पुरता सुटत नाही. गिअर आपोआप बाहेर पडत असेल तर आतला फोर्क, म्हणजे चक्रं सरकवणारा काटा, झिजला. भोकरदनकडं केदारखेड्याला माझी सासुरवाडी. तिकडं गेलो की जेवणाआधी कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली शिरावं लागे. एकदा मेहुण्याचा शेजारी आला.

"जावईबापू, जरा बघता का? दुसरा गेर थांबत न्हाई, भाईर येतो."

"मंग चालवता कसा?"

"बांधून."

जाऊन बघतो तर गिअरचा दांडा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं सीटला करकचून बांधलेला. गिअर बदलायचा असला की हा ट्रॅक्टर थांबवून खुरपणाऱ्या बायकोला हाक मारायचा. ती खुरपं घेऊन यायची, गाठ सोडायची, यानं गिअर बदलला की पुन्हा बांधायची. सगळा हंगाम त्यांनी असा काढला होता. मी फोर्क बदलायला घेतला तर ती बाई म्हणाली, "भाऊ, राहू द्या की. एवढी एकच गाठ माझ्या हातात हाय." मेहुणा हसून हसून खाली बसला. मी फोर्क बदलला, पण ट्यूबची पट्टी तिच्या हातात दिली.

आता दुसरी तऱ्हा. तिचं नाव हायड्रोस्टॅटिक. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पंजाबहून आलेल्या एका ऑपरेटरकडून. सोयाबीनच्या सुगीत तिकडचे मोठे हार्वेस्टर आमच्याकडं येतात. त्यातला एक वाटेतच बंद पडला. आम्ही लागलीच दोरखंड आणला आणि पुढं ट्रॅक्टर जोडला. इथली रीतच ती. बंद पडलं की ओढायचं आणि ओढता ओढता गिअर टाकून चालू करायचं. तो गडी आपल्याच यंत्राच्या चाकापुढं आडवा उभा राहिला आणि ओरडला, "खींचना मत उस्ताद, पंप बैठ जायेगा!" मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. मग त्यानं मला सावलीत बसवून समजावलं. मी ते घरी आल्यावर मेडिकलमधून दोन इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनची नळी आणून करून पाहिलं. दोन्ही सिरिंज नळीनं जोडायच्या, आत तेल भरायचं. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा आपोआप बाहेर येतो. हायड्रोस्टॅटिक म्हणजे एवढंच. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो आणि ते तेल चाकाकडची मोटर फिरवतं. उजव्या पायाखालचं पेडल जितकं दाबाल तितकं तेल, तितका वेग. पुढचं दाबलं की पुढं, मागचं दाबलं की मागं, पाय उचलला की उभा. हळू आणि जलद यासाठी एक लहानसा दांडा असतो, पण तो सारखा बदलावा लागत नाही. आणि क्लच नाही.

ऐकायला हे फार गोड आहे. पण तेल ढकलण्यात आणि तापवण्यात इंजिनाची बरीच ताकद खर्ची पडते, म्हणून डिझेल जास्त जातं. जड नांगर ओढायला तो खुशीनं तयार होत नाही. तेलात माती गेली की पंप संपला. गिअरचं चक्र मोडलं तर जालन्यात दुसरं मिळतं आणि झाडाखाली बसवता येतं. पंप मोडला तर तो उघडायची छाती माझीही नाही. वर धक्का मारून चालू होत नाही. मी हॉटेलात चहा पिताना सगळ्यांना सांगायचो, "ज्याला धक्का मारता येत न्हाई त्याला ट्रॅक्टर म्हणू नये."

माझं हे मत दिगंबरआबांनी मोडीत काढलं.

आबा म्हणजे गावाबाहेरच्या मोसंबीच्या बागेचे मालक. माझ्यापेक्षा वयानं मोठे, पण आमची दोस्ती त्यांच्या पहिल्या ट्रॅक्टरपासूनची. बाग त्यांनी स्वतः लावली, स्वतः वाढवली. ट्रॅक्टरला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. गिअर टाकताना जरा आवाज झाला तर ते इकडंतिकडं बघायचे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मुलगा जालन्यात बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. बागेचा सगळा कारभार आबा आणि सून सुनंदा बघायचे, आणि त्या दोघांचं भांडण फक्त पाणी कुठल्या ओळीला आधी सोडायचं यावरून व्हायचं.

मग आबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. सुनंदानं वेळ न घालवता दवाखाना गाठला, म्हणून वाचले. बोलणं परत आलं, डावा हातही बराचसा परत आला. डावा पाय मात्र अर्धाच आला. काठी घेऊन चालायचे, पण पायात दाब नाही. आणि क्लचला दाबच लागतो.

महिनाभरानं त्यांनी मला बोलावलं. "रज्जाक, क्लच हातानं दाबता यील असं कायतरी कर." मी एक जाड पाइप क्लचच्या पेडलला वेल्ड करून वर आणला. डाव्या हातानं पुढं लोटला की क्लच दबायचा. आम्हाला दोघांनाही वाटलं, जिंकलं! पण स्टिअरिंगला दोन हात लागतात आणि क्लच हळूहळू सोडावा लागतो. वळताना आबांनी स्टिअरिंग सावरायला पाइप एकदम सोडला, ट्रॅक्टर उसळला आणि शेजाऱ्याच्या तारेच्या कुंपणातून आरपार गेला. तिथं कुणी नव्हतं म्हणून बरं. सुनंदा मला म्हणाली, "चाचा, ते काढा. आत्ता काढा." मी काढलं. आबा खाटेवर बसून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. मी तो पाइप गॅरेजच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. का ठेवला कोण जाणे, फेकवला नाही.

त्यानंतर मी गेलो की आबा कसंनुसं हसायचे. जेवण कमी झालं. बागेत काय चाललंय ते विचारेनात. एकदा सुनंदा मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "चाचा, तुमच्या ध्यानात आलं का? आबा बागेकडं पाठ करून बसतात. खाट फिरवून घेतली त्यायनी. डॉक्टर म्हणतात तब्येत ठीक हाय. मला तर वाटतं, माणूस आतून चालला." तिचे डोळे भरले आणि माझेही भरले. ज्याची बाग, तोच तिच्याकडं पाठ करतो, याच्यावर माझ्याकडं कुठला पाना होता?

पुढं तिच्या नवऱ्यानंच बातमी आणली. त्यांच्या कंपनीच्या चाचणीच्या प्लॉटवर एक छोटा परदेशी बनावटीचा ट्रॅक्टर पडून होता. हायड्रोस्टॅटिक. त्याला कुणी मिस्त्री हात लावेना, म्हणून विकायला काढलेला. सुनंदानं मला गाडीत घालून नेलं. "तुमी बघा आन् खरं खरं सांगा."

मी वर बसलो. पहिली गोष्ट काय झाली असेल तर माझा डावा पाय क्लच शोधायला गेला. तिथं एक पेडल होतं, मी सवयीनं दाबलं आणि ट्रॅक्टर जागीच खिळला. तो ब्रेक होता. मग डावा पाय बाजूला ठेवला आणि उजव्यानं पेडल दाबलं. सरकला. मागचं दाबलं, मागं आला. दोन खांबांच्या मधून पुढं नेला, मागं आणला, वळवला, आणि एकदाही काही खरखरलं नाही. जन्मभर ज्याला नावं ठेवली तो मला आवडला, अगदी खूप आवडला. पण सुनंदाला मी सगळं सांगितलं. नांगर लावायचा नाही. उसाची ट्रॉली जोडायची नाही. ऑइल मी सांगेन तेच. बिघडला तर माझ्याच्यानं दुरुस्त होईलच असं नाही.

"ते सगळं बराबर हाय चाचा. आबांना चालवता यील का, तेवढं सांगा."

"यील. डाव्या पायाला सुट्टी हाय."

तिनं तिथंच सौदा पक्का केला.

ट्रॅक्टर बागेत उतरवला तेव्हा आबा काठी टेकत आले. त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"हे खेळणं कशाला आणलं?"

"बसून तर बघा, आबा."

"क्लच कुठाय?"

"न्हाई."

"मंग गेर कसा टाकायचा?"

"टाकायचाच न्हाई."

कुंपणाच्या प्रसंगानंतर आबा पहिल्यांदा माझ्याशी इतकं बोलले होते. सुनंदानं आणि मी त्यांना वर बसवलं. पेडल दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी ते जरासं दाबलं आणि पाय उचलला. ट्रॅक्टर दोन वीत सरकून थांबला. पुन्हा दाबलं. मग जे गेले ते झाडांच्या ओळीत शिरले आणि दिसेनासेच झाले. आम्ही नुसता आवाज ऐकत उभे. या ओळीतून त्या ओळीत, बांधापर्यंत, परत. किती वेळ गेला कळलं नाही. आले तेव्हा धोतर धुळीनं भरलेलं होतं आणि गालावर ओल होती. म्हणाले, "कोपऱ्यातल्या झाडाच्या फांद्या वाळून चालल्यात. कुणी बघितलं न्हाई का?" आणि सुनंदावर खेकसले. ती बिचारी हसून हसून बेजार. त्या रात्री आबांनी खाट पुन्हा बागेकडं तोंड करून लावून घेतली.

इथंच ही गोष्ट संपायला हवी होती, आणि मी निवांत झोपायला हवं होतं. पण माणसाची सवय ही ट्रॅक्टर बदलला म्हणून बदलत नाही.

आमच्याकडं कुणीही ट्रॅक्टर सपाटीवर उभा करत नाही. बॅटरीवर कुणाचा भरवसा नसतो. म्हणून जागा बघून, उतारावर, तोंड खाली करून उभा करायचा. इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि उतरून जायचं. गिअरच्या दातांत इंजिन अडकलेलं असतं, ते चाकाला हलू देत नाही. हँडब्रेक असतो, पण तो ओढलेला मी क्वचितच पाहिला. सकाळी यायचं, क्लच दाबायचा, ट्रॅक्टर उताराला लागला की क्लच सोडायचा, इंजिन धडधडायला लागतं. आबा जन्मभर हेच करत आले, मीही हेच करत आलो. शेततळ्याच्या भरावाचा उतार ही आबांची ठरलेली जागा. त्या उताराला त्यांचे सगळे ट्रॅक्टर उभे राहिले होते.

मोसंबीची तोड चालू होती. भरलेली प्लॅस्टिकची कॅरेट ओळीच्या तोंडाशी रचून ठेवलेली. मजूर जेवायला गेलेले. आबा छोटा ट्रॅक्टर घेऊन भरावावर आले, तोंड खाली केलं, इंजिन बंद केलं, तो लहान दांडा हळूवर टाकला आणि काठी घेऊन उतरले. उताराच्या पायथ्याशी त्यांचं एक आवडतं झाड आहे. त्याखाली जाऊन बागेकडं तोंड करून बसले आणि मोसंबी सोलायला लागले. ट्रॅक्टर त्यांच्या पाठीमागं वर. मी आणि सुनंदा शेडपाशी चहा पीत होतो. मला हे सगळं दिसत होतं आणि त्यात काही चुकलंय असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सुनंदा म्हणाली, "चाचा, ट्रॅक्टर चालून राह्यला."

मी म्हणालो, "बंद हाय ताई. गेरमध्ये टाकलाय त्यायनी."

"न्हाई चाचा. तो मघा तळ्याच्या पाण्याच्या पाइपापाशी होता. आता बघा."

मी बघितलं. आणि माझ्या हातातला कप पडला. ते दोन सिरिंजचं मी स्वतः करून पाहिलेलं होतं. वरून वजन ठेवलं की दट्ट्याच्या कडेनं तेल झिरपतं आणि दट्ट्या हळूहळू खाली बसतो. पंप बंद असला की ट्रॅक्टरचंही तेच होतं. त्याला धरून ठेवायला दाते नाहीत. तेल वाट सोडतं आणि चाक फिरतं. इंजिन बंद, म्हणून आवाज नाही. गाय चरत चरत पुढं जावी तितक्या हळू तो ट्रॅक्टर आबांच्या पाठीकडं चालला होता.

"आबाऽऽ!" मी ओरडलो.

आबांनी मागं न बघताच हात वर केला. "आलो, आलो. चहा ठिवा." त्यांना वाटलं चहाला बोलावतोय. काठी टेकून उठायला लागले, पण डाव्या पायामुळं त्यांना लवकर उठता येत नसे.

सुनंदा माझ्या कितीतरी पुढं पळाली. तिनं भरलेलं एक कॅरेट ओढलं आणि पुढच्या चाकाखाली ढकललं. चाक त्यावर चढलं, कॅरेट फुटलं, मोसंबीचा चिखल झाला आणि चाक पलीकडं उतरलं. तिनं दुसरं ओढलं. ट्रॅक्टर त्यावर अडखळला. तेवढ्यात मी पोचलो, कसा चढलो ते मला आजही सांगता येत नाही, पण डाव्या पायानं तो ब्रेक सगळा जीव लावून दाबला. गुडघा कट्ट वाजला. ट्रॅक्टर थांबला.

आबांनी मान वळवली. हात लांब केला असता तर बोनेटला लागला असता. तोंडात मोसंबीची फोड तशीच.

"अरे, हा इथं कसा आला?"

सुनंदा त्या फुटलेल्या मोसंब्यांत मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी ब्रेकवरचा पाय उचलेना. ती म्हणाली, "चाचा, उतरा आता." मी म्हणालो, "आधी दगड आण, मंग उतरतो." या अल्लाह, त्या क्षणाला माझ्या छातीतून जे काही उतरलं ते मी शब्दांत कसं सांगू! सगळं नीट होतं. माणूस नीट होता. दोन कॅरेट मोसंबी गेली, तिचा वास मात्र माझ्या कपड्यांना दोन धुण्यांपर्यंत होता.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की ज्या झिरपण्यानं तो सुटला, त्याच झिरपण्यानं आम्हाला पळायला वेळ दिला. गिअरचा ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सुटला असता तर माझी हाकसुद्धा पोचली नसती. पण आबांना हे कुणी सांगायचं? त्यांनी उठून ट्रॅक्टरची चावी काढली आणि सुनंदाच्या हातात दिली.

"ठिव ही. झालं आपलं. आज मी होतो, उद्या एखाद्या मजुराचं लेकरू असंल इथं."

"आबा, काही झालं न्हाई ना पण."

"झालं न्हाई म्हणूनच म्हणतो."

दोन-चार दिवसांनी तिचा फोन आला. "चाचा, खाट परत फिरवली त्यायनी."

मी गॅरेजात बसून होतो. त्या ट्रॅक्टरला उभं करून ठेवायचं तर डाव्या पायाचा ब्रेक पूर्ण दाबून खटका अडकवायचा असतो. आम्ही क्लच नाही या खुशीत एवढे होतो की ब्रेक डावीकडं आहे याचा कुणी विचारच केला नव्हता. चालवताना तो लागत नाही, पाय उचलला की झालं. पण उभं करताना लागतो, आणि आबांच्या त्या पायात तेवढा दाब नाही. समोर कोपऱ्यात माझा जुना पाइप उभा होता.

मी तो उचलला. ट्रॅक्टरच्या पोटाखालून एक आडवा दांडा घेतला, तो ब्रेकच्या पेडलला जोडला आणि पाइप उजव्या हाताला वर काढला. ओढलेला पाइप जागेवर राहावा म्हणून भंगारातल्या एका हँडब्रेकची दातेरी पट्टी बसवली. पुतण्या म्हणाला, "चाचा, शेवटी त्याच्यात दाते घातलेच तुमी." मी म्हणालो, "त्याच्याशिवाय मला झोप लागली नसती."

आबांना ट्रॅक्टरपाशी आणायलाच अर्धा दिवस गेला. त्यांनी पाइप पाहिला आणि लगेच ओळखला.

"हा तोच ना?"

"तोच."

"काढला तवा काही बोलला न्हाईस."

"तुमी तरी कुठं बोल्लात?"

आबा पाइपवरून हात फिरवत राहिले. मी पैज लावली नाही की समजावत बसलो नाही. नुसतं म्हणालो, "आजपासून सपाटीवर उभा करायचा आबा. ह्याला धक्का स्टार्ट न्हाई, उताराचं काही कामच न्हाई." खरं तेच होतं.

लोक आता मला विचारतात, मिस्तरी, गेर चांगला का हायड्रो? पूर्वी मी एका दमात उत्तर द्यायचो. आता विचारतो, काम काय हाय आणि बसणार कोण हाय? नांगराला, उसाला, चिखलातल्या ट्रॉलीला गिअर. त्याला तोड नाही, आणि माझं पोट त्यानंच भरलं. पण झाडाझाडांतून पुढं-मागं करायचं असेल, किंवा बसणाऱ्याचा एक पाय रुसलेला असेल, तर हायड्रो घ्या, तेल स्वच्छ ठेवा आणि उतरण्याआधी ब्रेक ओढा. एवढं बोलायला मला उभं आयुष्य लागलं. माझा गुडघा आधीच गेला नसता तर हे कदाचित आणखी उशिरा कळलं असतं, आणि आबांसाठी तोवर फार उशीर झाला असता.

तर आबा ट्रॅक्टरवर बसले. मला वाटलं सपाटीवरच चक्कर मारतील. ते सरळ शेततळ्याच्या भरावाकडं निघाले. सुनंदानं माझा हात धरला. आबांनी त्याच जागी, त्याच उताराला, तोंड खाली करून ट्रॅक्टर उभा केला.

"आबा, आत्ताच सांगितलं ना तुमाला!"

"सपाटीवर काय, कुणीबी लावंल. मला बघायचंय."

इंजिन बंद केलं. उजव्या हातानं पाइप ओढला. कट्ट, कट्ट, कट्ट. दाते बसले. उतरले, काठीनं एक दगड ढकलत ढकलत चाकाखाली बसवला. मग पायथ्याच्या त्याच झाडाखाली जाऊन बसले, बागेकडं तोंड करून, ट्रॅक्टरकडं पाठ करून. खिशातून मोसंबी काढली आणि मला हाक मारली.

"ये की, बस."

मी जाऊन बसलो. त्यांनी अर्धी मोसंबी मला दिली.

"रज्जाक, तिकडं तोंड करून का बसलास?"

"बाग तुमची हाय आबा, तुमी बघा. मी ट्रॅक्टर बघतो."

आबा खदखदून हसले. आम्ही पाठीला पाठ टेकवून बसलो होतो, त्यामुळं ते हसणं माझ्याही पाठीत हललं. मोसंबी संपली, सुनंदानं चहा आणला, तोही संपला. आबा बसल्या जागेवरून तिला एकेका झाडाचं काय करायचं ते सांगत होते.

ट्रॅक्टर जागचा हलला नाही.